पाय सोडा, आधी सुट्टी मोजा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. वय ४४, पुण्यात नोकरी, महिन्यातून दोन तरी गड होतात, कळसूबाई बारी गावातून दोन तासांत चढता. मुलीची दहावी झाली, तिला कबूल केल्याप्रमाणे जूनमध्ये बापलेक हिमाचलमधल्या हम्प्टा पासला, म्हणजे हम्प्टा खिंडीच्या ट्रेकला, निघणार आहात. दोघांचाही पहिलाच हिमालय. तुम्हाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: एवढा व्यायाम पुरेल का, बूट कुठले घ्यावेत, आणि उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यावी की नाही. मुलीला लहानपणी बाळदमा होता, हे शेवटच्या ओळीत जाता जाता.

मधेच तुम्ही वेळापत्रक दिलंय, आणि मी तिथेच अडकलो. शुक्रवारी ऑफिस करून रात्रीचं विमान. शनिवारी संध्याकाळी दिल्लीहून व्होल्वो. रविवारी सकाळी मनालीत उतरून नाश्ता, की लगेच जीपने जोबरा आणि तिथून चालत चिका, हा पहिला मुक्काम. सोमवारी बालू का घेरा. मंगळवारी पास ओलांडून शिया गोरू. म्हणजे शनिवारी संध्याकाळी समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर असलेला माणूस सोमवारी रात्री ३६०० मीटरवर झोपणार, आणि मंगळवारी ४२७० मीटरची खिंड चढणार. दोन तासांत कळसूबाई चढणारे पाय हे सगळं हसत करतील. डोकं आणि फुप्फुसं करतील का, हे मी सांगू शकत नाही, तुमचे डॉक्टर सांगू शकत नाहीत, आणि तुम्हालाही तिथे गेल्याशिवाय कळणार नाही.

गेली बावीस वर्षं मी माणसं घेऊन हिमालयात जातोय. त्यातली निम्म्याहून जास्त आपल्याकडची, सह्याद्रीत तयार झालेली. आपल्या लोकांची अडचण अशी की त्यांना एका दमात चढायची सवय असते. सकाळी गड, दुपारी पिठलं-भाकरी, संध्याकाळी घर. घाई हा आपल्याकडे गुण आहे, कारण ऊन चढायच्या आत माथा गाठायचा असतो. पण अख्ख्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक, कळसूबाई, १६४६ मीटर. तुमचा हम्प्टा ट्रेक जिथे सुरू होतो त्या मनालीची उंचीच २००० मीटरच्या वर आहे. आपण आयुष्यभर ज्या हवेत डोंगर चढलो, ती हवा तिथे बसस्टँडवरच संपलेली असते.

हवेत ऑक्सिजन 'कमी' असतो म्हणतात, ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्रमाण तेच राहतं, पुण्यात २१ टक्के तसंच पासवरही २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. ४२७० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के उरतो, म्हणजे एका श्वासात आत येणारा ऑक्सिजनही त्याच हिशोबात घटतो. शरीर यावर उपाय करतं, पण आपल्या वेगाने. श्वास वाढवणं काही तासांत सुरू होतं. मात्र जास्त श्वास घेतला की रक्तातलं रसायन बिघडतं, ते मूत्रपिंडांनी दुरुस्त करायला दोन-चार दिवस लागतात. नवीन तांबड्या पेशी तयार व्हायला तर आठवडे. यातलं काहीही जिममध्ये होत नाही. म्हणून अर्धमॅरेथॉन पळणारा पोरगा आडवा होतो आणि त्याची साठीची आत्या मागून काठी टेकत येऊन सूप पिते, हे मी अनेकदा पाहिलंय.

मी स्वतः हे चुकूनच शिकलो. पहिल्यांदा लेहला गेलो तेव्हा थेट विमानाने, म्हणजे दोन तासांत ३५०० मीटर. आदल्याच आठवड्यात राजगड-तोरणा एका दमात केला होता, त्यामुळे अंगात मस्ती. हॉटेलवाल्याने पडून राहायला सांगितलं, मी संध्याकाळी शांतिस्तूपाच्या पायऱ्या पळत चढलो. वर मस्त वाटलं, फोटो काढले. रात्री अकराला डोक्यात कुणीतरी घण घालतंय असं झालं, पहाटेपर्यंत चार उलट्या. दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत आलेले, ज्यांना मी 'दमलात काय' म्हणून चिडवलं होतं, ते गोंपा (बौद्ध मठ) बघायला गेले आणि मी खिडकीतून पॉपलरची झाडं मोजत बसलो.

आता तुमच्या गणितात दुरुस्ती. सर्वमान्य नियम असा की ३००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या झोपण्याच्या उंचीत पाचशे मीटरपेक्षा जास्त भर घालू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. इथे महत्त्वाची आहे ती 'झोपण्याची' उंची; दिवसा वर जाऊन खाली यायला हरकत नाही, उलट ते चांगलंच. चिका साधारण ३१००, बालू का घेरा ३६००, शिया गोरू ३९००. म्हणजे चिकापासून पुढची वाट कशीबशी नियमात बसते. खड्डा आहे तो चिकाच्या आधी: दिल्ली ते चिका एका रात्रीच्या बसप्रवासात, तेही न झोपता, वळणांवर मळमळत.

म्हणून मी सांगेन, आणखी दोन रात्री काढा. पहिली मनालीत: पोहोचा, झोपा, संध्याकाळी जुन्या मनालीत पायी हिंडा. दुसरी सेठनला. जोबराच्या रस्त्यावरच हे छोटं गाव आहे, साधारण २७०० मीटरवर, राहायची सोय होते. तिथे दुपारी वरच्या कुरणांपर्यंत चालून या आणि खाली येऊन झोपा. मग जोबरा-चिका. बालू का घेऱ्याला (वाळूचं रिंगणच ते, नदीकाठचं सपाट मैदान) पोहोचलात की तंबूत लोळू नका. चहा घ्या, जॅकेट घाला, शंभर-दीडशे मीटर वर जाऊन अर्धा तास बसा आणि परत या. गटातले बाकीचे पत्ते खेळत असतील, त्यांना खेळू द्या.

रजा मिळतच नसेल तर? मग पास सोडा. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण मनालीजवळच ब्यास कुंड आहे, ३७०० मीटरच्या आत, आणि मुक्काम त्याच्याही खाली बकरथाचला. पहिल्या वेळी मुलीला बर्फ, हिमनदी, तंबू सगळं बघायला मिळेल. भृगू लेक मात्र 'छोटा ट्रेक' म्हणून कुणी सुचवला तर फसू नका. दिवस कमी म्हणून तो सोपा नाही, तिथे तर उंची याहून भराभर अंगावर येते.

डायमॉक्सबद्दल. ही गोळी डोकेदुखी दाबत नाही, मूत्रपिंडांचं ते दुरुस्तीचं काम लवकर सुरू करून देते, त्यामुळे श्वास चांगला चालतो. प्रौढांसाठी प्रतिबंधक मात्रा साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, थंड पेयातला सोडा बेचव लागतो. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. तुम्ही दोन रात्री वाढवल्यात तर तुम्हाला ती लागेलच असं नाही; आहे तेच वेळापत्रक ठेवलंत तर मी म्हणेन, डॉक्टरांशी बोलून घ्याच. मुलीची मात्रा वजनावर ठरते, ती बालरोगतज्ज्ञांनीच ठरवायची. बाळदम्याचंही तिथेच विचारा. गेल्या दोन-तीन वर्षांत पंप लागला आहे का, धावल्यावर छातीत शिट्टी वाजते का, यावर सगळं अवलंबून आहे. नियंत्रणात असलेला दमा घेऊन कितीतरी जण उंचावर जातात, पण थंड कोरड्या हवेने तो उठू शकतो. पंप तिच्या स्वतःच्या खिशात हवा. घोड्यावर लादलेल्या सामानात गेलेला पंप संध्याकाळपर्यंत भेटत नाही.

कापराची पुडीही तुमच्या यादीत दिसली. आणा, वासाने बरं वाटत असेल तर हुंगा, पण कापराने रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. त्या स्प्रेच्या डब्यांचंही तेच, दोन-चार मिनिटांचा खेळ. आणि कोविडपासून घरोघरी असलेला ऑक्सिमीटर आणलात तर आकड्याने घाबरू नका. ४००० मीटरवर ८५ दिसणं नेहमीचं आहे, आणि बोटं गार असली की तो काहीही दाखवतो. आकड्याकडे कमी बघा, माणसाकडे जास्त.

माणसाकडे काय बघायचं, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी बालू का घेऱ्यालाच, गटात पंचविशीचा एक मुलगा होता. दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड, त्याची वेळ ऐकून मीच चकित झालो होतो. दोन्ही दिवस सगळ्यांच्या पुढे. दुसऱ्या संध्याकाळी सूपला आला नाही. तंबूत डोकावलो तर म्हणाला, "काही नाही काका, पित्त झालंय. गोळी घेतलीये." आपल्याकडे हे फार वाईट आहे. डोकं दुखलं, मळमळलं, जेवण नको झालं की आपण पित्त म्हणून मोकळे. माझ्या गटात नियम आहे: ३००० मीटरच्या वर पित्त नावाचा आजार नसतो. तिथे डोकेदुखी ही उंचीची, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत.

त्याला मी जेवायला उठवलं. बुटाची नाडी बांधायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला, आणि तिसऱ्यांदा त्याने ती नुसतीच आत खोचली. मला तेवढं पुरलं. टॉर्चच्या उजेडात जमिनीवर काठीने रेघ मारली आणि म्हटलं, टाचेला चवडा लावत दहा पावलं चाल. चौथ्या पावलाला तो बाजूला झुकला आणि हसला, "दगड आहे इथे." दगड नव्हता. त्या वेळी सकाळची वाट बघायची नसते. दोन स्थानिक वाटाडे, मी आणि तो, रात्री साडेनऊला निघालो, पहाटे खाली पोहोचलो, तिथून गाडीने मनालीला रुग्णालयात. दोन दिवस ठेवून घेतलं, बरा झाला. मेंदूला सूज यायला लागली होती. मला अजूनही बोचतं ते इतकंच, की त्याच दिवशी दुपारी तो नाला ओलांडताना अडखळला होता, आणि मी समजलो पोरगा घाईत आहे.

ही रेघेची चाचणी घरीच एकमेकांची घेऊन बघा, म्हणजे तिथे फरक कळेल. दुसरी खूण फुप्फुसांची: बसल्या जागी, विश्रांतीतही धाप लागते, कोरडा खोकला येतो, आणि बाकीचे सावरत असताना हा माणूस आणखी मागे पडतो. हे बहुधा वर गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री उमटतं. दोन्हीला उपाय एकच, खाली उतरणं, तेही लगेच. साधी डोकेदुखी असेल, चालणं सरळ असेल, तर तिथेच थांबा, पाणी प्या, वर जाऊ नका. दुसऱ्या दिवशी डोकेदुखी थांबली तर पुढे.

एका गोष्टीने मात्र दचकू नका. रात्री तंबूत मुलीचा श्वास भराभर चालेल, मग काही सेकंद थांबेल, मग मोठा उसासा देऊन परत सुरू होईल. पहिल्यांदा ऐकणारा बाप उठूनच बसतो. उंचीवर झोपेत असं बहुतेकांना होतं.

आता मुलीचं खरं सांगतो. सोळा वर्षांची पोरं तक्रार करत नाहीत, कारण 'माझ्यामुळे बाबांचा ट्रेक बुडाला' हे त्यांना नको असतं. आणि बापही बोलत नाही, कारण पोरीसमोर कसं. त्यामुळे पुण्यातूनच ठरवून निघा: सकाळ, दुपार, संध्याकाळ दोघांनी एकमेकांना चार प्रश्न विचारायचे. डोकं? पोट? झोप? चक्कर? उत्तर शून्य ते तीन आकड्यात द्यायचं. आकडा सांगणं 'मला त्रास होतोय' म्हणण्यापेक्षा सोपं जातं. आणि दोघांतल्या कुणाही एकाने 'उतरू' म्हटलं की चर्चा न करता उतरायचं, हे आधीच तिच्यासमोर म्हणा, म्हणजे तिला तो अधिकार आहे हे कळेल.

व्यायामाने उंचीचा त्रास टळत नसला तरी तो हवाच, कारण दमलेल्या माणसाला थंडी लागते, तो जेवत नाही, आणि चुकीचं पाऊल टाकतो. तीन महिने आहेत तुमच्याकडे, पुष्कळ झाले. वेग वाढवू नका, सलग दिवस वाढवा: शनिवारी सिंहगड, रविवारी पुन्हा सिंहगड, पाठीवर सहा-सात किलो. आठवड्यात दोनदा पर्वती, वर-खाली, वर-खाली. चढताना मुलीशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त. तोच वेग हिमालयात आणखी निम्मा करायचा. तिथले वाटाडे हात मागे बांधून चालतात बघा, बैल पाणी प्यायला निघाल्यासारखे, आणि सगळ्यांच्या आधी पोहोचतात.

उतरण्याचा सराव करा, तो कुणी करत नाही. पासवरून शिया गोरूचा उतार तीव्र आहे, जूनमध्ये त्यावर बर्फ असतं, आणि गुडघे तिथेच बोलायला लागतात. गड उतरताना पळू नका. लहान पावलं, गुडघा किंचित वाकलेला. चालायच्या दोन काठ्यांची सवय इथेच लावून घ्या.

बुटांवर तुमचा निम्मा प्रश्न खर्च झालाय, म्हणून आटोपतं घेतो. कंपनी कुठलीही चालेल. घोटा झाकणारा, तळव्याला खोल खाचा असलेला, नेहमीपेक्षा अर्ध्या मापाने मोठा, म्हणजे उतारावर अंगठा पुढे आपटत नाही. आत्ताच घ्या आणि तीन महिने त्याच बुटांनी चाला. निघायच्या आदल्या दिवशी पायाची नखं कापा. नाल्यांतून जावं लागतं, पाणी गोठवणारं असतं, त्यासाठी मागे पट्टा असलेले सँडल. बर्फ वितळून दुपारी नाल्यांचं पाणी चढतं, म्हणून वाटाड्या पहाटे उठवेल तेव्हा कुरकुरू नका.

कपड्यांत सुती काही नको, घामाने भिजलं की वाळत नाही. पातळ-पातळ तीन थर, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, हे धरून हिशोब करा. रात्रीचे मोजे वेगळे, ते फक्त झोपताना. गॉगल चांगला घ्या. बर्फावरून उलटलेल्या उन्हाने डोळे भाजतात, आणि ते रात्री कळतं. मुलीसाठी पॅड नक्की ठेवा, उंचीवर तारखा मागेपुढे होतात, आणि वापरलेले परत आणायला बंद होणाऱ्या पिशव्या. हे तिला तिच्या आईने आधीच सांगितलेलं बरं.

खाण्याचं एक. वर भूक मरते, समोर गरम डाळभात असून घास उतरत नाही. तिथे मेतकूट आणि लिंबाचं लोणचं जे करतं ते कुठलाही प्रोटीन बार करत नाही. खिशात राजगिऱ्याची वडी, खजूर. दिवसाला तीन-चार लिटर पाणी, घोटघोट. मनालीत काय मिळतं ते मिळू दे, दारू आणि झोपेची गोळी दोन्ही वर्ज्य, कारण दोन्ही रात्रीचा श्वास मंद करतात.

पैसे भरण्याआधी आयोजकांना विचारा: आजारी माणसाबरोबर खाली कोण उतरतं? बाकी गटाला मग वाटाडे किती उरतात? ऑक्सिजनचा सिलिंडर बरोबर असतो की 'बेस कॅम्पला'? उत्तर द्यायला जो चाचरेल त्याच्याबरोबर जाऊ नका.

जूनच का, तेही सांगतो. जूनमध्ये खिंडीच्या अलीकडे, कुल्लूच्या बाजूला हिरवळ आणि फुलं, खिंडीत बर्फ, आणि पलीकडे लाहौलमध्ये एकदम कोरडे, तपकिरी डोंगर. आपल्या घाटमाथ्यावर कोकणची बाजू आणि देशाची बाजू यांत जो फरक दिसतो, तोच इथे शंभरपट होऊन एका दिवसात पायाखालून जातो. जुलै-ऑगस्ट मी टाळतो. जुलै २०२३ च्या पुरात ब्यासने मनालीचे रस्ते वाहून नेले, पलीकडच्या चंद्रताल तलावापाशी माणसं काही दिवस अडकून पडली. जूनमध्येही, ट्रेक जिथे संपतो त्या छत्रूहून परतीची गाडी दरडीने थांबू शकते, म्हणून त्या दोन रात्रींशिवाय शेवटी एक दिवस मोकळा ठेवा आणि विमानाचं तिकीट त्यानंतरचं काढा.

अरे हो, अकरावीचे ऑनलाइन प्रवेश. फेऱ्यांच्या तारखा नेमक्या याच सुमारास पडतात, आणि चिका सोडलं की छत्रूपर्यंत फोन लागेल असं धरू नका. कागदपत्रं आणि तिचा पासवर्ड घरी कुणाकडे तरी देऊनच निघा.